आडतीच्या काट्यावर सुनेचे वजन पुकारल्याबाबत

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी साहेब,
आरोग्य कार्यालय, जुन्या बसस्टँडमागे.

अर्जदार : रेणुकाबाई तानाजी मेत्रे, निवृत्त अंगणवाडी सेविका, मु. माळेखेळ्ळी, मन्नाएखेळ्ळी रस्ता, जि. बीदर.

विषय : गावाचा सत्कार रद्द करून सिस्टरला आजच अर्जदाराच्या घरी पाठवणेबाबत.

संदर्भ : आपले ‘सुदृढ गाव’ सत्काराचे निमंत्रणपत्र.

महोदय,

अर्जदार कन्नड बोलते, पण लिहिता येत नाही, म्हणून अर्ज मराठीत आहे. तो कोणाकडून तरी पूर्ण वाचवून घ्यावा, अर्ध्यावर बाजूला ठेवू नये.

१. लठ्ठपणा निवारणाचे शिबिर गावात झाले. हेतू चांगला होता, घरोघर साखरेचे दुखणे आहे हे अर्जदारास मान्य आहे. परंतु आपला वजनकाटा वाटेत बिघडल्याने आपल्या माणसांनी पंचाक्षरी यांच्या आडतीतला तुरीचा काटा मागवला. काट्यासोबत मापाडी चन्नवीरही आला.

२. आडतीत तोल मोठ्याने पुकारायची रीत आहे. शेतकरी, आडत्या आणि कारकून या तिघांनी ऐकला तरच तो खरा धरतात. चन्नवीरने तीच रीत पाळली. अर्जदाराची सून ज्योती काट्यावर उभी राहताच त्याने आकडा पारापर्यंत ऐकू जाईल असा पुकारला, आणि सवयीने, बारदानाचे, म्हणजे रिकाम्या पोत्याचे, किती वजा करू, असेही विचारले. पारावरचे लोक हसले. आपले डॉक्टरही हसले. सदर आकडा येथे लिहीत नाही, गावाला तो पाठ आहे.

३. चन्नवीरवर राग नाही. “अक्का, माझं तोंडच तसं हाय, चुकलं,” म्हणत तो दुसऱ्या दिवशी दारात रडला. डॉक्टर मात्र आले नाहीत.

४. तेव्हापासून ज्योती घराबाहेर पडलेली नाही. तिला साखर व रक्तदाब दोन्ही आहेत. गोळ्या संपल्या तरी दवाखान्यात जात नाही, आणि वजन उतरावे म्हणून जेवणही टाकले आहे.

५. दुसऱ्या शिबिराच्या दिवशी गावातल्या अंगाने भरलेल्या सगळ्या बायका घरांना कुलपे लावून तुरीच्या शेतात जाऊन बसल्या. काट्यावर चढली ती फक्त काटकुळी माणसे. त्यावरून गावाचा लठ्ठपणा उतरला असे आपल्या कार्यालयाने ठरवून टाकले! हीच पद्धत मापाड्यासह तालुकाभर राबवणार, असे निमंत्रणात छापले आहे. साहेब, गावात एकाही बाईचे वजन उतरलेले नाही. हा सत्कार घ्यायची अर्जदारास लाज वाटते.

६. बाईचे वजन बंद खोलीत सिस्टरनेच करावे, आकडा तिचा तिलाच सांगावा, आणि काय खावे काय टाळावे ते शेजारी बसून समजवावे. एवढे केले तर बायका आपणहून येतील.

७. आज सकाळी ज्योती चुलीपाशी चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आली, पण अंग घामाने थबथबले होते. खाटेवर निजवले. मुलगा सुनीलकुमार तिला उचलून रिक्षात घालू लागला, तर तिने खाटेची दोरी सोडली नाही. “मला कामून उचलायलाव? परत काट्यावर चढवायला व्हय?” एवढेच बोलली. अर्जदार निघाली तेव्हा हाकेला नुसता हुंकार देत होती.

तरी आपल्या कार्यालयातील कमलम्मा सिस्टरला रक्त तपासायच्या पेटीसह आत्ता सोबत द्यावे. ज्योती त्यांचेच ऐकते. रिक्षा फाटकाशी उभी आहे. अर्जावरचा शेरा, सही, शिक्का मागाहून झाला तरी चालेल.

आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेली,
रेणुकाबाई मेत्रे

दिनांक : आजचाच.

सोबत : १) सत्काराचे निमंत्रणपत्र, परत.
२) ज्योतीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे. याच गोळ्या सिस्टरच्या पेटीत घालून द्याव्यात.