राखीव छत्री

९ फेब्रुवारी

वन्संना सप्रेम नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तुम्हीही बऱ्या असाल असं धरून चालते, कारण तुम्ही फोन उचलत नाही आणि निरोपाला उत्तर देत नाही. शेवटी कागद घेतला. माझं अक्षर तुम्हाला आवडत नाही हे ठाऊक आहे, चालवून घ्या.

तुमच्या भावाचा गुडघा आहे तसाच आहे. दिवसभर लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट तपासतात आणि स्वतः मात्र जिने चढतात. माझं दुकान चाललंय. ताडपत्र्या, दुकानांची छपरं, गाड्यांच्या सीटची कव्हरं. आणि मागच्या खोलीत मी जमवलेल्या जुन्या पॅराशूटच्या छत्र्या. मागे तुम्ही आलात तेव्हा ‘ही अडगळ कशाला साठवतेस’ म्हणाला होतात, तीच अडगळ. आता दार उघडायलाही खांदा लावावा लागतो. पॅराशूट म्हटलं की लोकांना सिनेमा आठवतो, छत्री म्हटलं की पाऊस. समजावून दमले.

त्या छत्र्यांपायीच लिहिते आहे. विमानातून उड्या मारणाऱ्यांचा इथला जुना क्लब बंद झाला. त्यांच्या कोठीतलं सामान संग्रहालय मांडणार आहे, आणि कुठली वस्तू कधीची, कुणाची, हे ओळखायचं काम माझ्याकडे आलं. काम कसलं, डोकेफोड. कापडावरचे शिक्के धुऊन गेलेत. कुणी एका छत्रीच्या दोऱ्या दुसरीला लावल्यात, कुणी छत्रीच्या कापडाच्या कळ्याच कापून भोकं पाडलीत. आणि क्लबातल्या म्हाताऱ्यांना विचारावं तर प्रत्येक वस्तू त्यांच्या कप्तानाची. कप्तान म्हणजे क्लब काढणारे गृहस्थ, आता हयात नाहीत. या लोकांच्या हिशेबाने त्यांना दहा पाठी असाव्यात.

त्यातला एक संच मात्र कप्तानाचा नाही. पाठीवर मोठी छत्री, पोटावर लहान राखीव छत्री, आणि अंगाला बांधायचे पट्टे. पट्टे आत घेऊन शिवलेत. ते कप्तानाच्या एका मांडीलाही पुरले नसते. बारीक अंगाच्या कुणासाठी, बहुधा बाईसाठी, नीट मापं घेऊन केलेलं काम आहे.

खांद्याला काचू नये म्हणून आतून कापडाच्या गाद्या लावल्यात. जांभळ्या चौकड्यांचं कापड. वन्सं, त्याच कापडाच्या सोफ्यावर बसून मी हे लिहिते आहे. तुमच्या आईंचा सोफा. त्याची एक उशी कायम वेगळ्या रंगाची होती. तिचं कव्हर कुठे गेलं विचारलं, की आई विषय बदलायच्या.

हा संच तुमचा आहे का? हो म्हणालात तर तुमच्या नावाची पाटी लागेल. एवढंच विचारायचं होतं.

तुमची,
वहिनी

*

२ मार्च

वन्सं,

तुमचं उत्तर मिळालं. ‘मी कधीही विमानातून उडी मारलेली नाही. हा विषय इथे संपला.’ दोन वाक्यांसाठी एवढं मोठं पाकीट कशाला वाया घालवलंत?

विषय संपला असता तर बरंच झालं असतं. पण संग्रहालयातला माणूस हुशार आहे आणि सभ्यही आहे, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नाही. मी म्हणत होते, सगळा संच एकाच काळातला. त्याने मला खोटं पाडलं. पट्टे आणि राखीव छत्री जुनी, पाठीवरची मोठी छत्री मागाहून घेतलेली. आणि ती कधी उघडलीच गेलेली नाही. घड्या करकरीत, दोऱ्यांवर घासल्याची खूण नाही. उलट राखीव छत्री नुसती बोचक्यासारखी कोंबलेली, दोऱ्यांत वाळलेलं गवत. म्हणजे, तो म्हणाला, ज्याचा हा संच त्याची पहिली मोठी छत्री हवेत फसली. तो राखीव छत्रीवर खाली आला. मग त्याने नवी मोठी छत्री घेतली आणि पुन्हा कधी उडी मारली नाही. तो ‘तो’ म्हणत होता.

यांना पट्टे दाखवले. हात लावला नाही. ‘कसल्या चिंध्या गोळा करतेस’ म्हणाले आणि बाहेर निघून गेले. घरी आले ते जेवायच्या वेळेला.

आता जे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं ते लिहिते. पाटीबिटी गेली खड्ड्यात. आमची भिंगरी घरात नाही. जानेवारीपासून मैत्रिणीच्या खोलीवर राहते आहे. तुमच्या भाचीने उड्या शिकायला नाव घातलं, ऑफिस सांभाळून, स्वतःच्या पगारातून. यांना कळलं तेव्हा हे म्हणाले, “आपल्या घरातल्या बायका असले धंदे करत नाहीत.” ती म्हणाली, “मग मी या घरातली नाही.” चहा निवायच्या आत तिने बॅग भरली. मी मध्ये उभी, एका हातात गाळणी. दोघांनाही माझं काही ऐकायचं नव्हतं.

तेव्हापासून हे तिचं नाव काढत नाहीत आणि ती यांचं. मी दोघांच्या मध्ये टपालखातं झाले आहे. गेल्या महिन्यात पट्टे उलटे केले, कापड पाहिलं, आणि वाटलं, सुटलो. ‘आपल्या घरातल्या बायका’ काय करतात ते वन्संच सांगतील. तुमचं एक वाक्य पुरलं असतं.

तुम्ही दोन लिहिलीत, आणि दोन्ही खोटी.

एवढं स्पष्ट लिहिल्याबद्दल माफी मागायला हवी. मागत नाही.

वहिनी

*

३० मार्च

वन्संना नमस्कार.

तुम्ही फोन केलात. मला नाही, भावाला. ठीक आहे, ज्याला करायचा त्याला केलात. काय बोललात ते तुम्हाला माहीत आहे. हे मला काय म्हणाले ते मात्र तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहिते.

फोन ठेवून हे मागच्या खोलीत आले. आमचं लग्न झाल्यापासून त्या खोलीत कधी बसले नव्हते. गठ्ठ्यावर बसले आणि म्हणाले, “मी खाली उभा होतो. ताईची छत्री उघडली, पण चिंधीसारखी फडफडत राहिली. ती पडत होती आणि मला ओरडता येईना.”

मग हळूहळू सगळं सांगितलं. कॉलेजात असताना दर रविवारी स्कूटरवरून हेच तुम्हाला मैदानावर नेत होते. घरी सांगायचं, ताई मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली. उशीचं कव्हरसुद्धा यांनीच पळवलं होतं. त्या दिवशी राखीव छत्री उघडली ती पार जमिनीजवळ. तुम्ही हसत उठलात, आणि यांनी ती छत्री गवतासकट पिशवीत कोंबली, कारण कधी एकदा तिथून निघतो असं यांना झालं होतं. संध्याकाळी वडिलांना सांगितलं तेही यांनीच. वडिलांनी दोघांना शपथ घातली, ‘असं काही घडलंच नाही’ असंच म्हणायचं. त्यानंतर तुम्ही दुसऱ्या गावची नोकरी धरलीत आणि यांच्याशी बोलायचात ते फक्त तब्येतीबद्दल.

तुमचं एक वाक्य मात्र यांनी मला दोनदा सांगितलं. “तू सांगितलंस हे मला तेव्हाच कळलं होतं. मी पुढच्या रविवारी परत जाणार होते, नवी छत्री घेऊन ठेवली होती.”

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला. तुम्ही दोघांनी एक गोष्ट वर्षानुवर्षं दाबून ठेवायची आणि तिची शिक्षा माझ्या लेकीला? तसं यांना म्हणाले. हे म्हणाले, “मला भीती वाटते असं तिला म्हणता येईना. म्हणून घराचं नाव पुढे केलं.” मी म्हटलं, मग आता जाऊन म्हणा. तर म्हणे गुडघा दुखतो.

तरी काल मैदानावर आले. भिंगरीची पहिली उडी होती. मी गाडीत बसले, हेही मुकाट्याने बसले. यांना पाहून पोरीने तोंड फिरवलं. हे सरळ तिच्याजवळ गेले, वाकले आणि तिच्या मांडीचा पट्टा ओढून पाहिला. “हा सैल आहे.” शिकवणारा म्हणाला, काका, मी तपासलाय. हे म्हणाले, “अजून बोटभर आवळा.” त्याने आवळला. भिंगरी यांच्या डोक्याकडे बघत उभी राहिली. पाय मागे घेतला नाही.

विमान वर गेल्यावर हे पाठ करून बसले.

“उघडली का?”

“उघडली.”

“नीट?”

“नीट. चौकोनी आहे. निळी.”

मग यांनी मान वर केली. त्यापुढे ती टेकेपर्यंत खाली केली नाही.

वाटेल की सगळं निस्तरलं. कसलं काय. उतरल्यावर ती आधी आपल्या सोबत्यांकडे पळाली. आमच्याकडे आली ती निघायच्या वेळी, आणि मला मिठी मारली. यांना फक्त ‘गुडघा कसा आहे’ विचारलं. घरी मात्र आली नाही. बाबा बोलावतील तेव्हा येईन म्हणते. हे म्हणतात, घर तिचंच आहे, बोलवायचं काय त्यात. दोघंही तुमच्यावर गेले आहेत. माझ्यावर कुणी गेलं असतं तर या घरात निदान कुणी कुणाशी बोललं असतं.

पट्ट्यांचं म्हणाल तर कप्तानाचं नाव मी लागू दिलं नाही. पाटीवर ‘मालक अज्ञात’ असं छापलंय. ते वाचलं की मला चीड येते. पण तुमचं नाव तुमच्या परवानगीशिवाय लावणार नाही, आणि परवानगीही आता मागणार नाही.

शेवटचं. यांनी भिंगरीला सांगितलं नाही, म्हणून मीच सगळं सांगितलं. सगळं म्हणजे खालून जेवढं दिसलं तेवढं. तिला वरचं विचारायचं आहे. छत्री फसली तेव्हा हात आधी कुठे गेला, भीती कधी वाटली, आणि खाली आल्यावर हसलात ते कशाला. मला यातलं काही माहीत नाही आणि तिच्या बापालाही नाही. शनिवारच्या गाडीने ती तुमच्याकडे यायला निघते आहे.

‘असं काही घडलंच नाही’ हेच तिलाही सांगणार असाल तर आधी कळवा. मी तिला गाडीत बसू देणार नाही.

रागावलेली, तरी तुमचीच,
वहिनी