तळ्याबाबत दुरुस्ती

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (हा रीत म्हणून लिहीत नाही, या वेळी खरोखर आडवं पडून घालावा अशी माझी अवस्था आहे). तुझा गुडघा बरा असेल, रात्रीची झोप लागत असेल आणि मागच्या दाराची कडी सुताराने एकदाची बसवून दिली असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे आम्हाला काहीही झालेलं नाही. काहीही न होणं हाच या पत्राचा विषय आहे.

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की गर्द रानातून वाट काढत आम्ही टेकडीच्या माथ्यावर पोचलो आणि एका काळ्याभोर तळ्याकाठी बसून डबा खाल्ला. त्यातलं तळं म्हणजे आमच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. ती काळीभोर आहे हे खरं. डबा खाल्ला हेही खरं. टेकडी म्हणजे जिना आणि गर्द रान म्हणजे खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने वाळत घातलेल्या चादरी (त्या मात्र गर्दच होत्या, त्यांच्याकडे पाहुणे होते). लहानपणी मी सारखी आजारी म्हणून शाळा लांबली आणि तू मला तुझ्या जेवणाच्या टेबलाशी बसवून लिहायला शिकवलंस, तेव्हाचा तुझा नियम मला पाठ आहे: डोळ्यांनी पाहिलं ते सरळ ओळीत, मनाला वाटलं ते कंसात. मागच्या पत्रात मी कंस घालायला विसरले. खरं तर ते अख्खं पत्रच कंसात हवं होतं.

सगळं सुरू झालं त्या सिनेमापासून. त्यात एक म्हातारा घड्याळजी, गिऱ्हाइकाची दुकानात राहिलेली छत्री परत द्यायला, दुकान बंद करून चालत निघतो. ते गिऱ्हाईक समुद्राकाठच्या गावात राहतं आणि घड्याळजी शेतांच्या बांधांवरून, ओढ्यांतून, अनोळखी लोकांच्या ओसरीवर झोपत जात राहतो. बस नाही, गाडी नाही. काखेत छत्री. आम्ही सगळे रडलो. आईसुद्धा रडली (आई एरवी फक्त गॅस ऐन स्वयंपाकात संपला तरच रडते). दादा घोरत होता, पण त्याचेही डोळे नंतर लाल होते. बाहेर आल्यावर ठरलं, की आपणही दर महिन्याला एकदा शहराबाहेर पडायचं आणि पायी हिंडायचं: पहिल्यांदा टेकडी आणि तळं, मग ओढ्याकाठची शेतं, मग थेट समुद्र. चालण्याचं एवढं वेड डोक्यात घेऊन आम्ही टॅक्सीने घरी आलो.

पुढचं समजायला बाबांची नोकरी ध्यानात घ्यावी लागते. तुझा भाऊ तुला मी काय सांगणार, पण कारखान्यात आगीची कवायत घेणं हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. भोंगा वाजला की रांग कशी लावायची, दार कोणी धरायचं, बाहेर येऊन माणसं कशी मोजायची. त्यांच्या सबंध नोकरीत कारखान्याला एकदाही आग लागली नाही. त्यामुळे बाबांचा पक्का समज झालाय की कवायत नीट झाली की प्रत्यक्ष गोष्ट करावीच लागत नाही. आमच्या घरात दातांच्या डॉक्टरकडे जायच्या आधी आरशासमोर तोंड उघडायची तालीम होते (आणि निम्म्या वेळा दुखणं तिथेच थांबतं). वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं हे गमतीत चाललंय. आता शिट्टी तीच वाजवते.

तर टेकडीच्या सहलीची तालीम गच्चीवर ठरली. टोप्या, पाठीवर पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. वहिनीने शिट्टी वाजवली, आम्ही ओळीने जिना चढायला लागलो. वर लिफ्टचा मेकॅनिक यंत्राच्या खोलीत तेल घालत बसला होता. त्याने विचारलं, "एवढ्या पिशव्या घेऊन कुठे?" बाबा म्हणाले, "तळ्याकडे." तो आमच्या टोप्यांकडे बघून म्हणाला, "बरं. येताना जिन्यानेच या, लिफ्ट बंद आहे." (मागच्या पत्रातला 'सोपी वाट टाळायला सांगणारा अनुभवी वाटाड्या' तो हा.) दादाचा पाय टीव्हीच्या केबलमध्ये अडकला, ती म्हणजे रानवेल. मग टाकीच्या सावलीत डबा खाल्ला. टाकीला कान लावला की आत पाण्याची टपटप ऐकू येते. वारा होता. मला खरंच खूप बरं वाटलं, आत्या, आणि लाज वाटते ती याचीच जास्त.

खाली आल्यावर आईने पाय गरम पाण्यात सोडले आणि म्हणाली, "झालं बाई, जाऊन आलो एकदाचं." या वाक्याला कोणीतरी तिथल्या तिथे हरकत घ्यायला हवी होती. कोणी घेतली नाही. खऱ्या सहलीचा दिवस उजाडला तेव्हा बाबांनी पिशव्या माळ्यावर टाकल्या आणि कवायत उत्तम झाल्याचं जाहीर केलं. दादा ऑफिसात लंगडत गेला आणि रानात मधमाश्या मागे लागल्याची गोष्ट रचून सांगून आला. दुसरी सहल, ओढ्याकाठची, खाली पार्किंगमध्ये झाली, शेजारी गाडी धूत होते तेव्हा. मीही काही कमी नाही. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांना समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते आणि विचारते, लांबचं दिसतंय का. त्या भिंतीपलीकडचं मी स्वतः काहीही पाहिलेलं नाही. मालकांनी विचारलं, तळ्यात मासे होते का. मी विचार करून म्हणाले, "सध्या नव्हते." (हे उत्तर खरं आहे म्हणून मी दिवसभर खूश होते. काय सांगू.)

आणि मग तुझं पत्र आलं. आतोबा गेल्यापासून तू फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतंस, भाजीसुद्धा फाटकावरच घ्यायचीस, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर आम्ही फोनवरून हळहळण्यापलीकडे काही केलं नव्हतं. तू लिहिलंस की माझं तळ्याचं पत्र वाचून तू कॅनव्हासचे बूट आणलेस. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत, मग गिरणीपर्यंत, मग पुलावरून पलीकडे ओढ्यापर्यंत गेलीस आणि पाण्यात पाय बुडवून बसलीस. खऱ्या ओढ्यात. "तुम्ही एवढी घरकोंबडी माणसं तळं गाठता, मग मला काय धाड भरली होती," असं लिहिलंस. आणि शेवटी, की आता मी येते, मला ते तळं दाखवा.

मी हे जेवताना मोठ्याने वाचलं. सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. वहिनी म्हणाली, आत्या येणारच असतील तर निदान टाकी धुऊन घेऊ. आई म्हणाली, "वन्संना कळवून टाक, तळं आटलं म्हणून." दादा म्हणाला, "उन्हाळ्यात आटतातच. यात खोटं काय आहे?" बाबा म्हणाले, "ताईची एक तालीम घ्यावी लागेल," आणि हात धुऊन दाराशी गेले. तिथे त्यांनी सहलीसाठी आणलेले आपले बूट उलटे करून पाहिले. तळवे दुकानातून आणले तसेच कोरे होते. त्यांनी ते पुन्हा सरळ करून, जोडी नीट लावून ठेवले.

मला भीती एकच आहे. हे वाचून तू म्हणशील, तळंच नव्हतं तर मी कशाला चालतेय, आणि बूट काढून पुन्हा फाटकाच्या आत बसशील. म्हणून तळं आटलं असं लिहायचं माझ्याही मनात येऊन गेलं. तसं लिहिलेला एक कागद फाडून हे लिहिते आहे. माझं खोटं होतं, पण तुझा ओढा खोटा नाही. आमच्यापैकी खरोखर कुठेतरी जाऊन आलेली तू एकटी आहेस. रागव, पण बूट काढू नकोस.

सर्वांचा नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी लाजलेली भाची

ता. क. – खरं काम सांगायचं राहिलंच. तू इकडे येऊ नकोस, इथे बघण्यासारखं काही नाही. मीच तिकडे येते. पुलापाशी थांबशील का? बांधावरून कसं चालायचं, समोरून गाय आली तर कोणी बाजूला व्हायचं, निसरड्या दगडावर पाय कसा टाकायचा, मला यातलं काही येत नाही. लिहायला शिकवलंस तसं हेही शिकव. मी तालीम करून येणार नाही.

ता. क. दुसरा – पत्र पाकिटात घालायच्या आधी बाबांनी वाचलं (घरातलं प्रत्येक पत्र ते तपासतात). मला वाटलं, आता शनिवारी गच्चीवर कवायत. म्हणून शिट्टी मी आधीच दुकानात एका चष्म्याच्या डबीत ठेवून आले होते. पण ते एवढंच म्हणाले, "पुलाला कठडा आहे का, ताईला विचार." (ते येणार असा याचा अर्थ मी काढलेला नाही. काढला असलाच तर तो इथे कंसात आहे.)

ता. क. तिसरा – आणखी एक दुरुस्ती. वर लिहिलंय त्यावरून तुला वाटेल की आम्ही तो सिनेमा पूर्ण पाहिला. बाबा आम्हाला नेहमी बाहेर पडायच्या दाराजवळ बसवतात आणि जिन्यावर गर्दी व्हायच्या आत, शेवटाआधीच उठवतात. आम्ही रडलो ते घड्याळजी अर्ध्या वाटेवर असताना. तो समुद्रापर्यंत पोचला की नाही, छत्री दिली की नाही, आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. मी आजवर कुठल्याच सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. हे एक तरी शेवटापर्यंत बघायचं आहे, म्हणून कंसाबाहेर, सरळ ओळीत लिहिते: पहिल्या बसने मी निघते आहे, येत्या रविवारी, चौदा तारखेला.