काट्याची कॉफी

ता. ३ फेब्रुवारी

चि. काट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं, त्यातली एक हवेवर. उरलेल्या तीन ओळींवरून कळलं ते असं, की तुझी लेक महिनाअखेरीस येणार, घराला कुलूप लावणार आणि तुला आपल्या सहाव्या मजल्यावर घेऊन जाणार. तुला जायचं नाही, कारण तिथे तुझं कामाचं टेबल मावत नाही. आणि हे तू तिला सांगितलेलं नाहीस. तोंडात वजनं धरून बसला होतास का?

ठमीचं म्हणणं, आई गेल्यापासून बाबांनी गॅस पेटवलेला नाही, दोन्ही वेळा खानावळीचा डबा, सकाळी नळाचं पाणी आणि बिस्किटं. ज्या माणसाला स्वतःपुरती कपभर कॉफी करता येत नाही, त्याला एकटं कसं ठेवायचं? वर बापाची सोय म्हणून ती बटण दाबायचं यंत्र घेऊन येणार. दातांची डॉक्टर ना ती, लोकांना दिवसभर तोंड उघडायला लावते आणि घरी आली की बापाचं बंद करते.

त्या यंत्राबद्दल माझ्याकडून ऐक. मी मेट्रन होते तेव्हा आमच्या इस्पितळात तसलं एक आणून बसवलं होतं. बटण दाबलं की डबीतल्या शिळ्या पुडीवरून गरम पाणी घरंगळतं. पेशंटला दिलं असतं तर त्याने तक्रार केली असती, म्हणून ते नर्सेसना दिलं.

तेव्हा ती यायच्या आत तू कॉफी करायला शिकायचंस. काय घ्यायचं ते लिहिते. आधी ग्राइंडर. लोक उलटं करतात, चकचकीत यंत्रावर पैसे उधळतात आणि पूड घेतात महिनाभर उघडी पडलेली. पातीचा ग्राइंडर घेऊ नकोस. पाती दाणे दळत नाही, झोडपते. अर्धे पिठासारखे होतात ते कडू लागतात, अर्धे जाड राहतात ते आंबट. दोन दातेरी शंकू एकात एक बसतात तो घे, हाताने फिरवायचा. मग दट्ट्याचं काचेचं भांडं. जाडसर पूड, उकळी बसलेलं पाणी, चार मिनिटं थांबायचं, दट्ट्या हलके खाली. आणि वजनकाटा. तो काही तुला मी सांगायला नको, जन्मभर गावाचे दुरुस्त केलेस. दाण्यांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर पाकीट तिथेच ठेवून दुकानाबाहेर पड.

मला कसं कळतं विचारशील. सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या जेवणघरातून कॉफीचा वास यायचा. आम्हा मुलींना ती वर्ज्य. डोळे मिटून मी काय मागत होते ते मदर सुपीरियरला कळतं तर माझं नाव पटावर राहिलं नसतं.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसता हुंकारतोस. कागदावर निदान वाक्य पुरं करावं लागतं.

राग आहे आणि लोभही आहे, दोन्ही तोलून घेणे.

तुझी ताई


ता. १० फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. सांगितल्याप्रमाणे खरेदी झाली. दुकानदाराने आधी मला मोटारीएवढं एक यंत्र दाखवलं. मी हाताचा ग्राइंडर मागितला, तर म्हणाला, आजोबा, हात दुखतील. मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्या काउंटरवर तीन ग्राइंडर उघडले. त्यातल्या दोहोंचे शंकू डुगडुगत होते. तिसऱ्याचा कणा सरळ, दाते साफ, तो घेतला. दुकानदाराने पुन्हा मला आजोबा म्हटलं नाही.

गॅस पेटवला. पहिल्या खेपेला काडी हातातच विझली, कारण कुठलं बटण कुठल्या शेगडीचं हे मला माहीत नव्हतं. दाणे सोनाराच्या काट्यावर तोलले. पाणी तोललं. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं.

ताई, कॉफी घाण झाली. कडू म्हणावी तर कडू नाही, आंबटही नाही, गॅरेजमध्ये उभं राहून प्यायल्यासारखी. तीन दिवस केली, तिन्ही दिवस मोरीत ओतली. हिला कधी तोलताना पाहिलं नाही, घड्याळ लावताना पाहिलं नाही, तरी कप यायचा आणि मी प्यायचो. काही गोष्टी हाताला असतात, त्या माझ्या हाताला नाहीत. ठमी म्हणते तेच बरं असेल. टेबल विकायला काढावं का, या विचारात आहे.

तुझी माया आहे ती तशीच राहू दे.

काट्या


ता. १४ फेब्रुवारी

चि. काट्यास,

आशीर्वाद, पण थोडेच. तीन कप बिघडले म्हणून टेबल विकणारा माणूस माझा भाऊ आहे हे मी शेजारणीला सांगितलेलं नाही. आपली लाज आपल्यातच.

हाताला असतात म्हणे! वॉर्डात नवी आलेली प्रत्येक मुलगी मला हेच सांगायची, की इंजेक्शन द्यायचा हात देवाने दिलेला असावा लागतो. महिनाभर रडली की देवाने दिलेला हात तिला सापडायचा.

गॅरेजचा वास हे लक्षण मी कधी ऐकलेलं नाही. भांडं नवं होतं ते धुतलंस का? कशाने? दाणे कुठे ठेवतोस? रॉकेलच्या डब्याशेजारी तर नाही? पाणी कशात तापवतोस? ग्राइंडर घरी आणल्यापासून कप मोरीत जाईपर्यंत काय काय केलंस ते सगळं लिही. तुला क्षुल्लक वाटेल ते आधी लिही.

टेबलाला हात लावशील तर मी येईन. मी आले की किती दिवस राहते ते तुला ठाऊक आहे.

धीर धरशील अशी खात्री असलेली,

ताई


ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. भांडं गरम पाण्याने दोनदा धुतलं. दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत, स्वयंपाकघरात. रॉकेल घरात नाही. पाणी हिच्या किटलीत.

ग्राइंडरकडून काही कसूर नाही, त्याची मी नीट काळजी घेतली आहे. घरी आणला तसा पूर्ण उघडला, फडक्याने पुसला, कण्याला आणि दात्यांना शिवणयंत्राचं तेल दिलं, जोडला. आधी जरा करकरायचा, आता लोण्यासारखा फिरतो. दर सकाळी दळण्याआधी दात्यांवर एक थेंब सोडतो. तेव्हा तिथे चूक असणं शक्य नाही. दोष माझ्याच हाताचा.

ठमीचं पत्र आलं, सत्तावीसला पोचते म्हणाली.

लोभ आहेच, राग कमी असावा.

काट्या


ता. २१ फेब्रुवारी

काट्या,

आशीर्वाद पुढच्या पत्रात.

अरे, तेल? दात्यांना तेल? कॉफी तिथून जाते! आठवडाभर तू शिवणयंत्राचा काढा पीत होतास आणि खापर फोडत होतास आपल्या हातावर! तुझा हात ठीक आहे. तुझ्या डोक्याला तेल हवं होतं, ते तू ग्राइंडरला घातलंस.

आत्ता, हे पत्र खाली ठेवून, तो उघड. सगळे भाग साबणाच्या कढत पाण्यात घास, कोरडे कर, ऊन दे. मग मूठभर दाणे दळून फेकून दे, वास राहिला तर आणखी मूठभर. त्यानंतर जन्मात त्याला तेल दाखवायचं नाही. करकरू दे. तो दाणे फोडतो आहे, अंगाई म्हणत नाहीये.

मी एकटीच हसले मोठ्याने. खूप दिवसांनी. तेवढे तुझे उपकार.

ताई


ता. २८ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. काल पोचले. दार उघडलं तर घरात कॉफीचा वास. मी यंत्राचं खोकं दारातच ठेवलं.

बाबांनी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. स्टुलावर बस म्हणाले, उंबऱ्याबाहेर. तिथून पाहिलं. दाणे तोलले, एक दाणा जास्त झाला तो परत बरणीत टाकला. ग्राइंडर फिरवताना इतका आवाज, की तेल द्या की जरा, असं मी म्हणाले, तर त्यांनी ग्राइंडर माझ्यापासून लांब धरला. कप हातात दिला. आत्या, तशी कॉफी मी माझ्या पैशांनी कुठे प्यायलेली नाही. मी हरले असं सांगणारच होते, पण तोंडातून भलतंच निघालं. आईच्यापेक्षा चांगली झाली, असं म्हणून बसले.

बाबांनी कप खाली ठेवला, अर्धा भरलेला. कामाच्या खोलीत गेले. संध्याकाळी बाहेर आले ते सांगायला, की कुलूप लाव, मी येतो तुझ्याकडे. मी विचारलं, टेबलाचं काय? तर म्हणाले, विकू.

मी त्यांना न्यायला आले होते आणि आता ते निघालेत तर मला नको वाटतंय. माझ्याशी ते बोलत नाहीत. तुझ्याशी कागदावर तरी बोलतात. आठवडाभर आहे मी इथे. काहीतरी लिही त्यांना.

तुझ्या धाकात वाढलेली,

ठमी


ता. ४ मार्च

चि. काट्यास,

अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

ठमीने सगळं कळवलं. तिच्यावर रागावू नकोस, पोर खरं बोलली. आता मीही बोलते. आमच्या भावजयीची कॉफी वाईट असायची. एक दिवस नुसतं रंगीत पाणी, दुसऱ्या दिवशी चमचा उभा राहील अशी. मी तुमच्याकडे यायची तेव्हा खिडकीतल्या कुंडीला किती कप पाजले त्याची गणती नाही. कुंडी मेली.

एकदा मी तिला तोंडावर म्हटलं, अगं, एवढे काटे घरात, चमचाभर तरी मोजून घाल. तर ती पदराने हात पुसत हसली. म्हणाली, वन्सं, या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं तोललं जातं. कॉफीपुरतं तरी न तोललेलं काही त्यांना मिळू दे. कशीही झाली तरी ते पितात आणि कप खाली ठेवून म्हणतात, छान. त्यांचा तेवढा एकच काटा खोटा आहे, तो मी दुरुस्त करून घेणार नाही.

तेव्हा तुझी कॉफी चांगली झाली म्हणून तिची कमी होत नाही. दोन्ही एका पारड्यात घालू नकोस, पदार्थ वेगळे आहेत. तिने केली ती कॉफी नव्हतीच, निदान मला तरी ती तशी कधी वाटली नाही.

जायचं असेल तर जा, पण लेकीच्या ओढीने जा. चांगली कॉफी जमली म्हणून स्वतःला शिक्षा म्हणून जाणार असशील, तर तुझ्यासारखा गाढव मी चाळीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही, आणि मी डॉक्टर पुष्कळ पाहिलेत.

कळावे, आणि या खेपेला खरंच कळावे.

ताई


ता. ११ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. ठमी रविवारी गेली. एकटी. टेबल खिडकीपाशी सरकवून घेतलं, तिने एक बाजू धरली. जायचं नाही हे मी तिला तोंडाने सांगितलं, पूर्ण वाक्यात. ती म्हणाली, मग आधी का नाही बोललात? मी म्हटलं, आधी येत नव्हतं. पुढच्या महिन्यात पुन्हा येते म्हणाली, कॉफी प्यायला. यंत्र ठेवून गेली आहे. मी उघडून पाहिलं. आत फारसं काही नाही. तेल दिलं नाही.

खानावळीचा दुपारचा डबा बंद केला. रात्रीचा अजून आहे, उगीच बढाई मारत नाही.

रोज तोलून करतो. छान होते. आज मात्र काटा झाकून ठेवला, दाणे ओंजळीने घातले आणि घड्याळ पाहिलं नाही. फारच वाईट झाली, ताई. अगदी तशीच.

सगळी प्यायलो. कप खाली ठेवला आणि म्हटलं, छान.

तू ये. तुझ्यासाठी तोलून करीन. कुंडी नवी आणली आहे, तिच्यापासून लांब बसवीन.

काट्या