पोच्याचं कारण

४ मार्च

माझ्यावर कुणाचाही प्रभाव नाही. तपासून पाहिलं.

माझी भांडी प्रदर्शनात मांडणाऱ्या दालनाच्या बाईंनी फॉर्म पाठवलाय. ‘आपल्यावरील प्रभाव आणि मातीकडे पाहण्याचा दृष्टिकोन. दोनशे शब्द. वीस तारखेपर्यंत.’ नाही दिला तर जागा म्हणे काच फुंकून भांडी करणाऱ्या कुणाला तरी! बावीस वर्षं चाकावर बसतेय, पहिल्यांदा कुणी भांडी मागितली, आणि गाडी अडली दोनशे शब्दांवर. मातीकडे मी खाली मान घालून बघते. दृष्टिकोन तेवढाच.

५ मार्च

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पोच्याबद्दल लिहा.

माझ्या प्रत्येक भांड्याला उजवीकडे, खांद्याच्या जरा खाली, एक पोचा असतो. का, कोण जाणे. चाकावर भांडं गोल असतं. तारेनं कापून, उचलून फळीवर ठेवलं की पोचा हजर. इतकी वर्षं मी ती बाजू भिंतीकडे करून लपवली. बाईंना नेमकी तीच हवीय. त्या पोच्याला ‘मौन’ म्हणतात. बत्तीस भांडी, बत्तीस मौनं.

बाबा कोपऱ्यात स्टुलावर बसून ऐकत होते. हल्ली ते चाकावर बसत नाहीत, नुसत्या चुका काढतात. माझ्या जन्माआधीच त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं माती मळायच्या यंत्रात गेली. तरी त्यांच्या भांड्याला कधी पोचा आला नाही. आठ बोटांत! माझी दहाही शाबूत, आणि ही तऱ्हा. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ — मौनावर त्यांचं एवढंच भाष्य.

८ मार्च

जेवताना विचारलं, माझ्यावर प्रभाव कुणाचा? विचारायलाच नको होतं.

नवरा म्हणाला, माझा. मी भांडं उचलायला आणि तो वरून चहासाठी हाक मारायला एकच गाठ पडते म्हणे. मी दचकते, पोचा पडतो. धाकटी बहीण म्हणाली, मुळीच नाही, लहानपणी तिनं माझा अंगठा दारात चेमटवला होता, हे सगळं त्याचं श्रेय. दोघांची चांगलीच जुंपली. पुरावा म्हणून नवऱ्यानं दुपारभर हाका मारल्या. चहा सात कप झाला.

९ मार्च

बहिणीनं यादी केली. त्यात मांजर नवऱ्याच्या वर! ते रोज चाकाशेजारी बसतं म्हणून. नवरा मांजराशी बोलत नाही.

१२ मार्च

प्रयोग. हाका बंद. मांजर बाहेर. बहीण तिच्या घरी. अंगठ्याला पट्टी. भांडं उचललं — पोचा!

बाईंचा फोन: मौन थोडं खोल करता येईल का? मुद्दाम दाबायला गेले तर भांडंच बसलं. म्हणजे पोचा मला पाडता येत नाही, आणि टाळताही येत नाही.

१५ मार्च

बाबांना म्हटलं, तुमचंच नाव लिहिते. ते मातीवर ओलं फडकं घालत होते. वर न बघता म्हणाले, “मी कधी शिकवलं? तू बघत बसायचीस. त्या पोच्याखाली माझं नाव नको.”

फार लागलं. मागच्या दारी जाऊन रडले. बावीस वर्षं याच माणसानं एकदा तरी ‘बरं झालंय’ म्हणावं म्हणून चाक फिरवतेय मी.

१८ मार्च

फॉर्म पाठवला. प्रभाव: हाक, अंगठा, मांजर. दृष्टिकोन: मौन. शब्द भरायला ‘अत्यंत’ अकरा वेळा घातलं. बाई खूश. उद्या फोटोवाला.

१९ मार्च

फोटोवाल्याला हातांचे फोटो हवे होते. एक भांडं केलं, कापलं, उचललं, ठेवलं. त्यानं कॅमेऱ्यात दाखवलं आणि जपून विचारलं, “ताई, बोटांना काय झालं?”

काही नाही, म्हटलं. मग पाहिलं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्यात मुडपलेली. घट्ट! त्यांचे सांधे ओल्या भांड्यात रुतलेले.

भांडं असंच उचलतात ना? मी तर एकाच माणसाला उचलताना पाहिलंय. बाबांकडे मुडपायला बोटंच नव्हती, म्हणून त्यांचं भांडं गोल. मी मात्र दोन चांगली बोटं बावीस वर्षं मिटून ठेवली!

हसू आवरेना. फोटोवाला घाबरला. बाईंना कळवलं, फॉर्म बदलून देते.

२० मार्च

सकाळी दहाही बोटं सरळ ठेवून एक भांडं उचललं. पोचा नाही. बाबा फळीपाशी आले, वाकून चहूबाजूंनी बघितलं. मी श्वास रोखून उभी.

म्हणाले, “हे कुणाचं?”

पुढची सगळी जुन्या पद्धतीनं उचलली. फॉर्म दिला. प्रभाव: दोन बोटं. नाव लिहिलं नाही. नको म्हणाले होते.