आबेलानोसा आणि मुलगी

मी, तिओदुलो आबेलानोसा, राहणार सेबू, धंदा इमारतींचं बळ मोजण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डोकं शाबूत आहे. मनाची हमी देत नाही.

१. राहतं घर माझी बहीण क्लारिता हिच्या हयातीत तिचं, पश्चात जावई रूएल याचं. तिने त्याच्याशी भांडू नये. भांडायचं तेवढं मी भांडून घेतलं आहे.

२. कार्यालय, त्यातला संगणक आणि माझं पेन्सिलींचं खोकं रूएलला. मी हाताने हिशेब करणारा. माझी मुलगी मारिलू, रूएलची बायको, संगणकावर इमारत उभी करून हलवून बघणारी. आमची रोज जुंपायची.

"तातय, पेन्सिलीला इमारत पिळवटताना दिसत नाही."

"तुझं यंत्र विचारलं तेवढंच सांगतं, बाई."

वसतिगृहाच्या कामात तिने माझी तपासणी नको म्हटलं. मी रुसून बसलो.

३. वसतिगृहाचे मालक सेवेरिनो यांना माझ्या अंत्ययात्रेत येऊ देऊ नये. सोनं, रुपं, मरण अशा पायऱ्या मोजायच्या आणि शेवटची मरणावर येऊ द्यायची नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मारिलूने दारातली पायरी मोजली नव्हती, त्यांनी मोजली, तर शेवटची मरणावर आली. मग कोणाला न विचारता गवंड्याकडून एक पायरी वाढवून घेतली. जिन्याचा मधला टप्पा वर सरकला, बाजूचा खांब अर्ध्यातच जखडला गेला. भूकंपात त्याला वाकायला जागा उरली नाही, तो मोडला आणि जिना कोसळला. मारिलू पाहणीसाठी तो जिना पहिल्यांदाच चढत होती.

४. तुम्हा दोघांच्या यंत्राने माझी पोर खाल्ली, असं मी रूएलला येता-जाता ऐकवलं. मग एकदा मूळ नकाशा घेऊन सगळी इमारत हाताने तपासली. उत्तर तिचंच आलं. माझ्या कागदावरही ती पायरी नव्हती. मीही डोळे मिटून सही केली असती. त्या दिवशी मी पोरीसाठी पहिल्यांदा मोकळा रडलो.

५. म्हणून रूएल, बाळा, हाताने कर, संगणकावर कर, दोन्ही कर. पण बांधकामावर जाऊन जिना स्वतः चढ. दारातल्या पायरीपासून मोज. कार्यालयाची पाटी रंगवायला काढलीस तर माझं नाव पुसलं तरी चालेल. 'आणि मुलगी' तेवढं राहू दे.

हे सर्व तिघांसमक्ष वाचून सही केली आहे.

तिओदुलो आबेलानोसा
साक्षीदार: नेस्तोर यबान्येझ, पुरिता माग्लासांग, एलिसेओ कबाहुग
सेबू, ९ मार्च २०१९