सतरा नंबरचं चित्र

प्रिय वेडाबाई,

आधी वाच, शिव्या नंतर दे. मी पळून जात नाही. कॉलेजातून पळालो तेवढं पुरे झालं.

तुझ्या पलंगाच्या वरची ती सहा चित्रं आठवतात. प्रत्येकाखाली पेन्सिलीने चित्रकाराची सही आणि आकडा. पहिल्यांदा पाहिली तेव्हा 'छापलेलीच तर आहेत' असं बरळलो आणि तू मला तासभर फैलावर घेतलंस. जाळीच्या पडद्यातून एकेक रंग हाताने ओढायचा, ठरल्या तेवढ्याच प्रती काढायच्या, मग पडदा धुऊन टाकायचा, म्हणजे पुन्हा छपाई नाही. ते ऐकूनच मी अशी चित्रं छापणाऱ्या छापखान्यात कामाला चिकटलो. आई अजून म्हणते, पोरीपायी शिक्षण सोडलं. खोटं कशाला बोलू, खरंच आहे.

तुझ्या आवडत्या चित्रकारबाईंच्या 'निळा जिना' या चित्राच्या चाळीस प्रती आम्ही काढल्या. तू विकत घ्यायला पोचेपर्यंत संपल्या. त्याच आठवड्यात आपलं भांडण झालं. तू म्हणालीस, तुझ्या हातून एक तरी गोष्ट तडीस गेलीय का? माझं डोकं फिरलं, कप आपटून निघालो.

बिघडलेल्या प्रती आमच्याकडे फाडून टाकतात. ते काम माझं. एकीत निळा रंग केसभर सरकला होता, बाकी चित्र देखणं. ती गुंडाळून घरी आणली आणि छापखान्याच्या मास्तरांना सांगितलं, सगळ्या फाडल्या. त्यांनी टोपलीत डोकावूनही पाहिलं नाही, एवढा विश्वास. मग बाईंची सही गिरवून गिरवून बसवली आणि शेजारी लिहिलं, १७/४०. सतरा म्हणजे तुझी जन्मतारीख. एवढी माझी अक्कल! खरी सतरावी प्रत कुणाच्या तरी भिंतीवर असणारच, हे डोक्यातच आलं नाही.

तू चित्र पाहून रडलीस. म्हणालीस, माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं. ते तू सहांच्या मधोमध टांगलंस. त्याच्यासमोर मला बसवेना, म्हणून काहीबाही उकरून भांडायचो. तुला वाटलं, मला दुसरी कुणी भेटली. मी तेही वाटू दिलं.

काल मास्तरांनी बाईंच्या प्रदर्शनाची यादी दाखवली. लोकांकडून चित्रं मागवलीत. सतरा नंबर दोनदा: एक कुणा डॉक्टरांचं, एक तुझं. मास्तर म्हणाले, "ही पोरगी लबाड दिसतेय." तुला लबाड! आज सकाळीच बाईंकडे जाऊन सगळं ओकलो. त्या चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच विचारलं, "तिला सांगितलंस?" मी म्हटलं, "नाही." "मग इथेच बस आणि लिही. संध्याकाळी मी तिला फोन करणार आहे."

त्यांच्याच टेबलावर हे लिहितोय. इथून मास्तरांकडे जायचंय. बाईंनी स्वतःजवळची एक खरी प्रत गुंडाळून समोर ठेवलीय, म्हणतात, नेऊन दे तिला. मी नाही म्हटलं. ती तू त्यांच्याकडून घे. मी चित्र घेऊन आलो तर तू दार उघडशील, आणि मी पुन्हा समजेन, माझ्यासाठी उघडलंस. रविवारी रिकाम्या हाताने येईन. उघडायचं की नाही, तू ठरव.

तू म्हणशील तोवर तुझाच,
माथेफिरू