रुईवरचा आणि तुझ्याकडचा

प्रिय सुकन्या,

उर्वीला दात आले का? फोनवर हे सांगायला घेतलं तर तू मध्येच रडशील आणि माझं सांगणं अर्धंच राहील, म्हणून लिहिते. निलंग्यात सगळं ठीक. शेतात अप्पांच्या समाधीशेजारी रुई कमरेएवढी झाली. संगमेशकाका उपटायला निघाले होते; मी म्हटलं, राहू द्या, पानांवर अळ्या आहेत.

तू अमेरिकेतून मोनार्क फुलपाखराचा फोटो पाठवला होतास. अप्पा म्हणाले होते, "ह्यो तर आपल्या रुईवरच्याचा चुलतभाऊ." मी आता लातूरच्या वाचनालयातून पुस्तक आणून ताडून पाहिलं. खरंच चुलत आहेत. आपला रुईवरचा, बिबळ्या कडवा, जरा लहान, नारिंगी पंख मोकळे, टोकाशी काळ्यावर पांढरे ठिपके. तुझ्याकडच्याच्या पंखांवर काळ्या शिरा शाईने गिरवल्यासारख्या. दोघंही अळी असताना चिकाची पानं खातात, तेच विष अंगात मुरवतात. पक्षी वाट्याला जात नाहीत. आपला रुई असेल तिथं रमतो. तुझ्याकडचा थंडीआधी हजारो मैल दक्षिणेला जातो, पण पुढच्या उन्हाळ्यात मूळ गावी पोचतात ती त्याची नातवंडं-पतवंडं. हे वाचलं आणि दोन दिवस पुस्तक उघडलं नाही.

परवा तू विचारलंस, शेवटी अप्पांनी माझी आठवण काढली का. मी म्हटलं, ते झोपेतच होते. खोटं बोलले.

लातूरच्या दवाखान्यात ते अकरा दिवस होते. तुला मी फोनवर सांगत होते, अप्पा शेतात गेलेत. तुला सातवा महिना. ऐकताच निघाली असतीस. त्यांना फोनही दिला नाही, आवाजावरून तू ओळखलं असतंस. एवढंच असतं तर मनाला समजावलं असतं. पण ते रोज विचारायचे, "पोरगी कधी यायली?" दहाव्या दिवशी मी थकून म्हटलं, "सुटी मिळंना म्हणली." तुला तर काही माहीतच नव्हतं. ते रागावले नाहीत. मला फोनमधला तो फुलपाखराचा फोटो उघडायला लावला, पंखावर बोट ठेवून म्हणाले, "लई लांब गेलंय. ऱ्हाऊ दे, दमलं असंल."

दुसऱ्या दिवशी गेले, तू आली नाहीस असं समजून. समाधीपाशी रोज खरं सांगते. उन्हाळ्यात उर्वीला घेऊन येते म्हणालीस. तिकीट काढायच्या आधी तुलाही कळायला हवं. हे वाचूनही आलीस, तर आधी शेतात जा. तुला कळवलंच नव्हतं, हे त्यांना तू सांग. माझ्यावर आता त्यांनी का विश्वास ठेवावा?

तुझीच आई,
अव्वा